बद्द आणि खणखणीत

शेणव्याकडील गृहिणी मडके वाजवून घेते. 'बद्द' वाजले तर ठेवून देते, 'खणखणीत' वाजले तर घेते. न फोडता पारखण्याची ही विद्या भाषेने दोन शब्दांत जपली आहे. 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आलेल्या रेल्वेच्या व्यवसायातही चाकांवर हातोडी मारून नाद ऐकण्याची रीत होती. परंतु धातूच्या पोटातील सूक्ष्म भेग कानाला कळत नाही. ती श्राव्यातीत ध्वनीने शोधावी, ही कल्पना लेनिनग्राडच्या सोकोलोव्ह यांनी 1928 साली मांडली. मिशिगनच्या फायरस्टोन यांनी 1940 मध्ये प्रतिध्वनियंत्राच्या पेटंटासाठी अर्ज केला. आपल्याकडे याच विद्येचे संशोधक बलदेव राज 2004 मध्ये कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. यंत्र केवळ प्रतिध्वनी दाखविते; तो बद्द की खणखणीत, हे ठरविणारा चुकला तर रूळ तुटतो. तो कान आजही घडवावाच लागतो.