बडोद्याचा पाऊस, ओहायोची माती

लुई ब्रॉमफील्ड या अमेरिकन कादंबरीकाराचे नाव आज मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही. १९२७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते आणि त्याच्या कादंबऱ्या दोन्ही खंडांत हातोहात खपत होत्या. यांपैकी 'द रेन्स केम' (१९३७) ही कादंबरी 'रांचीपूर' नावाच्या काल्पनिक हिंदी संस्थानात घडते. हे रांचीपूर म्हणजे बडोदे, हे तेव्हाही उघड गुपित होते. कादंबरीत सगळे संस्थान पावसाची वाट पाहत असते. तो येतो, पाठोपाठ भूकंप होतो, धरण फुटते आणि शहर वाहून जाते. १९३९ साली हॉलिवूडने या कादंबरीवर चित्रपट काढला आणि त्यातल्या पुराच्या दृश्यांना विशेष दृश्यपरिणामांसाठीचे पहिले ऑस्कर मिळाले.

त्याच वर्षी ब्रॉमफील्डने ओहायो राज्यातील रिचलंड परगण्यात, आपल्या जन्मगावाजवळ, डोंगरउतारावरची काही खराब झालेली शेते विकत घेतली. त्यासाठी लागलेल्या पैशाचा मोठा वाटा या हिंदी कथानकाने मिळवून दिला होता. त्याने शेताचे नाव ठेवले 'मलबार फार्म'. बेफाम पाण्याच्या कथेवर मिळवलेला पैसा त्याने उतारावरून धावणारे पाणी थांबवण्यात घातला. हा योगायोग गमतीचा आहेच, पण या शेताच्या निमित्ताने अमेरिकेतील मृदासंधारणाचा इतिहास आणि त्यातला एक न सुटलेला प्रश्न पाहता येतो. माती राखण्याचा खर्च कोणी करायचा, हा तो प्रश्न. आपल्याकडेही तो जुनाच आहे.

माती संपते का?

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सरकारचे अधिकृत उत्तर 'नाही' असे होते. १९०९ मध्ये सरकारच्या मृदा विभागाने छापलेल्या एका अहवालात जमीन ही राष्ट्राची अक्षय संपत्ती आहे, ती वापरून संपत नाही, असे म्हटले होते. याच विभागात ह्यू हॅमंड बेनेट नावाचा एक तरुण मृदा-सर्वेक्षक नोकरीला होता. तो नॉर्थ कॅरोलिनातील कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातला होता. १९०५ मध्ये व्हर्जिनियातील लुईझा परगण्यात सर्वेक्षण करताना त्याला एक साधीच गोष्ट दिसली. एकाच उतारावर शेजारी-शेजारी दोन तुकडे होते. जंगलाखालची माती मऊ, ओलसर, हाताने उकरता येईल अशी होती. शेजारच्या नांगरटीच्या शेतात मात्र कडक चिकण उघडी पडली होती. मूळ जमीन एकच होती. फरक इतकाच, की शेतातला वरचा थर पिढ्यान्‌पिढ्या पावसाबरोबर निघून गेला होता, आणि तोही घळी न पडता, कागदाच्या जाडीने, कोणाच्या नजरेत न भरता. या 'थरधुपी'चे भान बेनेटला तिथे आले.

ही धूप कशी होते हे समजून घेणे आवश्यक आहे. उघड्या मातीवर पावसाचा थेंब आदळतो, ढेकूळ फुटते, बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात. पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. उताराच्या दिशेने नांगरलेले असेल तर प्रत्येक तास म्हणजे एक पाट होतो. वाहत्या पाण्याचा वेग वाढला की त्याची माती वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. म्हणून सगळ्या उपायांचे सार दोन गोष्टींत सामावते : थेंब आणि माती यांच्यामध्ये काहीतरी आच्छादन ठेवायचे आणि पाण्याला धावू न देता चालायला लावायचे.

बेनेटने १९२८ साली धुपीला 'राष्ट्रीय संकट' म्हणणारी पुस्तिका लिहिली, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. लक्ष वेधले ते धुळीने. मे १९३४ मध्ये पश्चिमेकडच्या सपाट प्रदेशातून उठलेली धूळ न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ च्या 'काळ्या रविवारी' ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या काही भागांत दिवसाढवळ्या अंधार झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदासंधारणाचा कायदा झाला आणि 'सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस' हे स्वतंत्र खाते स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख अर्थातच बेनेट होता.

दारिद्र्याची टेकडी

ब्रॉमफील्ड ओहायोत परतला तो या पार्श्वभूमीवर. त्याआधीची काही वर्षे तो फ्रान्समध्ये, पॅरिसच्या उत्तरेला सेन्लिस गावात राहिला होता. एकाच जमिनीवर शतकानुशतके राबूनही तिचा कस टिकवणारा फ्रेंच शेतकरी त्याने तिथे जवळून पाहिला. दुसरा प्रभाव इंदूरचा होता. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेण, पालापाचोळा आणि काडीकचरा यांपासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने बसवली होती. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली गेली. ब्रॉमफील्ड हॉवर्ड यांना फार मानत असे. म्हणजे मलबार फार्मच्या मागे बडोदे आणि इंदूर अशी दोन मराठी संस्थाने उभी होती, एक पैशाच्या रूपाने आणि दुसरे विचाराच्या.

विकत घेतलेल्या शेतांची अवस्था वाईट होती. उतारांवर घळी पडल्या होत्या. एका टेकडीला तर लोक 'दारिद्र्याची टेकडी' या अर्थाच्या नावानेच ओळखत. सरकारी खात्याचे तंत्रज्ञ मदतीला आले आणि मॅक्स ड्रेक हा जाणकार तरुण व्यवस्थापक म्हणून लाभला. सरळ रेषेतली कुंपणे काढून उताराला आडवी, समपातळीतली नांगरट सुरू झाली. मका आणि गवत यांचे आलटून-पालटून आडवे पट्टे पेरले गेले. मक्याच्या पट्ट्यातून निसटलेली माती खालच्या गवताच्या पट्ट्यात अडकते, असा त्यामागचा हिशेब होता. पाणी जिथून उतरणारच, ते ओघळ कायमच्या गवताखाली ठेवले गेले. जास्त उताराची जमीन नांगरातून मुक्त करून तिथे कुरण किंवा झाडी वाढू दिली. आम्लधर्मी जमिनीत चुना घातला आणि द्विदल पिके घेतली, कारण लसूणघासासारख्या पिकांची मुळे खोल जातात, कठीण थर फोडतात आणि हवेतला नत्रही देऊन जातात.

पाच-सहा वर्षांत शेताचे रूप पालटले. ब्रॉमफील्डच्या सांगण्याप्रमाणे आटलेले झरे पुन्हा वाहू लागले. दारिद्र्याच्या टेकडीचे नावही बदलले. तिच्या माथ्यावरून दिसणारा देखावा पाहून पाहुण्याच्या तोंडून जो उद्गार निघे, तोच नाव म्हणून चिकटला आणि ती 'माउंट जीझ' झाली. रविवारी तिथे शेतकरी, विद्यार्थी आणि पत्रकारांची गर्दी होई आणि मळक्या कपड्यांतला हा कादंबरीकार त्यांना मातीवर व्याख्यान देई. हंफ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचे लग्न १९४५ मध्ये याच घरात लागले, त्यामुळे वर्तमानपत्रांनाही खाद्य मिळाले. पण त्याच वर्षी आलेल्या 'प्लेझंट व्हॅली' आणि पुढच्या 'मलबार फार्म' (१९४८) या पुस्तकांचा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. सरकारी पुस्तिका न वाचणाऱ्या शहरी वाचकाला मातीविषयी आस्था वाटू लागली ती या पुस्तकांमुळे. ई. बी. व्हाइट यांनी तर 'न्यूयॉर्कर'मध्ये 'मलबार फार्म'चे परीक्षण चक्क पद्यात लिहिले आणि तिथल्या माणसा-जनावरांच्या गोंधळाची प्रेमळ थट्टा केली.

शेजाऱ्याचे पाणी

इथवरची कथा यशाची आहे. पण मलबार फार्म आणि शेजारचा सामान्य शेतकरी यांच्यात एक मोठा फरक होता. ब्रॉमफील्डच्या शेतात पुस्तकांची आणि चित्रपटांची मिळकत ओतली जात होती. घळ बुजवण्यात किंवा उतार गवताखाली टाकण्यात आजचे पीक जाते आणि फळ काही वर्षांनी मिळते. कर्जाचा हप्ता मात्र यंदाच द्यायचा असतो. शिवाय धुपीचे नुकसान पुष्कळदा आपल्या बांधाबाहेर होते. माती माझ्या शेतातून जाते आणि साचते ती खालच्या नदीत, दुसऱ्याच्या तळ्यात. एकट्याच्या शहाणपणाला इथे मर्यादा पडते.

बेनेटला आणि त्याच्या सहकाऱ्यांना हे ठाऊक होते. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील कून व्हॅलीत त्यांनी पहिला प्रयोग केला तो एका शेताचा नव्हता, पूर्ण पाणलोटाचा होता. नॉर्वेजियन वंशाच्या दुग्ध-शेतकऱ्यांनी सरकारशी करार केले. बियाणे, चुना, कुंपणाची तार आणि बेकार तरुणांच्या पथकांचे श्रम सरकारने दिले. शेतकऱ्याने नांगरटीची दिशा बदलायची आणि उतारावरच्या झाडीतून गुरे बाहेर काढायची. पुढे फेब्रुवारी १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांना नमुना-कायदा धाडला आणि शेतकऱ्यांनी स्वतः मतदानाने स्थापन करायची 'मृदासंधारण मंडळे' अस्तित्वात आली. पहिले मंडळ ४ ऑगस्ट १९३७ रोजी नॉर्थ कॅरोलिनात, बेनेटच्याच परगण्यात, स्थापन झाले. आज अमेरिकेत अशी सुमारे ३००० मंडळे आहेत.

प्रयोग टिकला का, याचे उत्तर कून व्हॅलीने दिले. भूगोलतज्ज्ञ स्टॅनली ट्रिंबल यांनी तिथल्या खोऱ्यातील गाळ अनेक वर्षे मोजला. १९७५ ते १९९३ या काळात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या अवघा ६ टक्के उरला होता, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ मध्ये मांडला.

पशुपालकांच्या मुलखात हे काम अधिक अवघड गेले. टेक्सासात १९५० ते १९५७ अशी सलग सात वर्षे अवर्षण पडले. अखेरीस राज्याच्या २५४ परगण्यांपैकी २४४ परगणे सरकारने आपद्‌ग्रस्त ठरवले होते. गुरांसाठी खोदलेली तळी आटली. फड्या निवडुंगाचे काटे ज्वालायंत्राने जाळून तेच वैरण म्हणून घातले गेले. पाऊस नाही हे एक कारण, पण चांगल्या वर्षांत कुरणावर बेसुमार गुरे चारली हे दुसरे. गवत मुळापर्यंत खुडले गेले की पडलेला पाऊसही मुरत नाही. ब्रॉमफील्डने याच राज्यात विचिटा फॉल्सजवळ मलबारची शाखा काढली होती. पण ओहायोतले धडे तिथे जसेच्या तसे लागू पडणारे नव्हते. ओहायोत पाऊस भरवशाचा आहे, टेक्सासात तो नाही. या दुष्काळावर एल्मर केल्टन या टेक्सासच्याच लेखकाने पुढे 'द टाइम इट नेव्हर रेन्ड' (१९७३) ही कादंबरी लिहिली. सरकारी मदत नाकारणारा हट्टी पशुपालक तिचा नायक आहे. सरकारने मात्र ऑगस्ट १९५६ मध्ये सपाट प्रदेशातील दहा राज्यांसाठी नवा कार्यक्रम आखला : तीन ते दहा वर्षांचे करार, पूर्ण शेताचा आराखडा आणि खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा सरकारचा. माती राखणे ही एका मालकाची हौस नाही, ती समाजाने विकत घ्यायची सेवा आहे, हे त्यातून मान्य झाले.

आपल्या बांधांवर

याच काळात दख्खनमध्येही बांध पडत होते. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून सुरू होते. एन. व्ही. कानिटकर यांचा 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९४४ चा. हॅरल्ड मान यांच्याबरोबर दख्खनच्या खेड्याचा अभ्यास करणारे कानिटकर ते हेच. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीनसुधारणेचा कायदा केला आणि समपातळी बांधांची मोठी मोहीम हाती घेतली. पण इथे योजना मंडळाने आखायची, हरकती ऐकायच्या आणि मंजुरीनंतर ती सर्वांवर बंधनकारक करायची, अशी रीत होती. खर्चाचा वाटा शेतकऱ्याकडून वसूल होई. बांध उताराच्या रेषेने जाई आणि वहिवाटीची हद्द दुसऱ्याच रेषेने. एकाच्या शेताचा कोपरा तुटे, दुसऱ्याच्या शेतात पाणी तुंबे. अनेकांनी पुढे ते बांध मोडले किंवा हद्दीवर सरकवले. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे होते. पण लहान तुकड्याच्या मालकाचा हिशेब वेगळा असतो, आणि पूर्वापार त्याने घातलेल्या ताली याच हिशेबाने हद्दीवर असत. अमेरिकेत कुंपण काढून नांगराची दिशा बदलता आली, कारण कुंपणाच्या दोन्ही बाजूंना बहुधा एकच मालक होता.

ब्रॉमफील्ड १८ मार्च १९५६ रोजी वारला. टेक्सासचा दुष्काळ तेव्हा संपायचा होता आणि दहा राज्यांचा कायदा व्हायला पाच महिने अवकाश होता. त्याची शेवटची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली. पुस्तके पूर्वीसारखी खपत नव्हती, शेताचा खर्च मात्र थांबत नव्हता. झाडी तोडण्याचे हक्क विकावे लागले. ती झाडी वाचली ती डोरिस ड्यूक या धनाढ्य बाईंच्या मदतीमुळे. १९७२ साली शेत ओहायो राज्याच्या ताब्यात गेले आणि आज ते सार्वजनिक उद्यान आहे. तिथे अजून गुरे चरतात, उताराला आडवी शेती होते.

त्याच्या काही दाव्यांत अतिशयोक्ती होती. नवी माती काही वर्षांत घडवता येते, हे त्याचे सांगणे शास्त्रज्ञांना पटणारे नव्हते. त्याने नांगरच चुकीचा ठरवणाऱ्या एडवर्ड फॉकनरची पाठराखण केली, तेव्हाही मृदाशास्त्रज्ञ खवळले होते. तरी मेलेला म्हणून सोडून दिलेला उतार पुन्हा पाणी मुरवू लागतो, हे त्याने हजारो लोकांना टेकडीवर उभे करून दाखवले. ते करायला किती पैसा लागतो हे त्याच्या कर्जाने दाखवले. पाणलोटाच्या कोणत्याही योजनेचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. आपल्या गावात बांध फुटतो तेव्हा तो कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या संमतीने घातला होता, हे विचारल्याशिवाय तो का फुटला ते कळत नाही.