हिवरे बाजार: पाण्याचा हिशेब आणि ३० वर्षांनी मतदान

आदर्श गाव म्हटलं की झाडं, बंधारे आठवतात. मला मात्र हिवरे बाजारची ग्रामसभा त्याहून मोठी गोष्ट वाटते.

नगर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. १९८९ साली एमकॉम झालेले पोपटराव पवार इथे बिनविरोध सरपंच झाले. मग श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पाणी मुरलं, विहिरी भरल्या. पण खरा अवघड निर्णय पुढचाच: शेतीसाठी बोअर मारायचा नाही, ऊस लावायचा नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. म्हणजे शेत तुमचं, पण खालचं पाणी सगळ्या गावाचं!

जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ३० वर्षांनी गावात मतदान झालं. पवारांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. बिनविरोधची परंपरा मोडली म्हणून हळहळायचं कशाला? इतके कडक नियम पाळायचे, तर ‘नाही’ म्हणायचीही सोय हवीच ना. ती मिळूनही लोक ‘हो’ म्हणाले. माझ्या मते हा होकार बिनविरोधपेक्षा पक्का आहे.

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे? एकदा जाऊन बसा.