काचसंक्रमण

द्रव थंड होताना त्याचा स्फटिक न बनता, रेणूंची विस्कळीत मांडणी तशीच राहून त्याला घनरूप येणे. गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेल्या द्रवास अतिशीतित द्रव म्हणतात. तापमान उतरेल तशी त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा विरोध, वाढते. ती सुमारे एक लाख कोटी पास्कल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या दहा कोटी कोटी पट झाली की त्याला काच म्हणावे, असा संकेत आहे. खिडकीच्या काचेत हा टप्पा साधारण ५५० °से.ला येतो, ग्लिसरीनमध्ये उणे ८३ °से.च्या आसपास. द्रव सावकाश थंड केल्यास हा टप्पा आणखी खाली सरकतो. त्यामुळे पाण्याचा बर्फ होण्यासारखे हे अवस्थांतर नव्हे. खरे कोडे असे, की क्ष-किरणांनी तपासता द्रव आणि काच यांची अंतर्गत रचना जवळजवळ सारखीच दिसते. मग प्रवाह थांबतो कशाने?

अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॉझमन यांनी १९४८ मध्ये या प्रश्नाला धार आणली. अतिशीतित द्रवाची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) स्फटिकाच्या एन्ट्रॉपीपेक्षा झपाट्याने घटते. हा आलेख तसाच पुढे वाढवला, तर निरपेक्ष शून्याच्या बऱ्याच वर दोन्ही समान होतात. त्याखाली विस्कळीत द्रव शिस्तबद्ध स्फटिकाहून अधिक सुव्यवस्थित ठरेल! प्रत्यक्षात त्याआधीच द्रवाची काच होते, म्हणून तो बिंदू कधी दिसत नाही. तेथे खरे अवस्थांतर दडले आहे, असे गिब्ज व डिमार्झिओ यांनी १९५८ मध्ये मांडले. अ‍ॅडम व गिब्ज (१९६५) यांच्या मते रेणू एकेकटे हलू शकत नाहीत, गटाने हलतात. एन्ट्रॉपी घटली की गट मोठे होतात आणि हालचाल मंदावते. कर्माकर, दासगुप्ता व शास्त्री यांनी २००९ मध्ये बंगळुरूत केलेल्या संगणकीय अभ्यासात एन्ट्रॉपी व मंदावणे यांतील हा संबंध लहानमोठ्या सर्व आकारांच्या प्रणालींत टिकला, ही या विचारास मिळालेली मोठी पुष्टी होय.

याहून वेगळा असा १९८४ चा मोड-कपलिंग सिद्धान्त रेणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकतात या कल्पनेवर उभा आहे. मंदावण्याची सुरुवात तो उत्तम सांगतो. पण जेथे प्रवाह पूर्ण थांबेल असे तो म्हणतो, तेथेही द्रव वाहतच असतो. चँडलर व गॅराहन यांचा पक्ष तर दडलेले अवस्थांतरच नाकारतो: एका जागची हालचाल शेजारच्या हालचालीला वाट देते, आणि थंडीत अशा जागा विरळ होतात, एवढेच. पारीझी व सहकाऱ्यांनी रेणूंना कठीण गोल मानून त्यांचे गणित अनंत मितींत सोडवले (२०१४). पण प्रत्यक्षातल्या तीन मितींत हा वाद अजून मिटलेला नाही.