अन्नत्याग, सेवा आणि दयामरण : अरुणा शानबाग खटल्याच्या संदर्भात

भारतातील दयामरणाच्या चर्चेशी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. या खटल्याचा विचार बहुधा केवळ कायद्याच्या अंगाने केला जातो. परंतु त्यात मागणी नेमकी कशाची होती, हे पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप बदलते. शानबाग कृत्रिम श्वसनयंत्रावर नव्हत्या. याचिकेत मागणी होती ती त्यांना अन्न देणे थांबविण्याची.

वृद्ध वा आजारी व्यक्तीने अन्न सोडणे कोल्हापूर परिसराला अपरिचित नाही. येथील जैन समाजास पूजनीय असलेले, जवळच्याच भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी दृष्टी क्षीण झाल्यावर कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पाहून पाऊल टाकता येत नसेल तर जीवहिंसा टळत नाही व मुनिव्रत पाळले जात नाही, ही त्यामागील भूमिका होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे विनोबा भावे यांनीही आजारपणात अन्न व औषध नाकारून देह ठेवला. दोन्हींमागील तत्त्वज्ञान भिन्न असले तरी निर्णय ज्याचा त्यानेच, शुद्धीवर असताना घेतला होता.

शानबाग यांच्याबाबत नेमके हेच शक्य नव्हते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातील एका कर्मचाऱ्याने केलेल्या अत्याचारात त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्या अखेरपर्यंत अंथरुणाला खिळून राहिल्या. परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेल्या याचिकेला रुग्णालयाने विरोध केला. शानबाग यांना मासे आवडतात, आवडीचे अन्न दिले की त्या हसतात, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. कायद्याच्या भाषेत अन्न देणे हा उपचार ठरू शकतो. भरविणाऱ्या परिचारिकेच्या लेखी मात्र ती सेवा होती. याचिकाकर्तीच्या भूमिकेतील करुणाही नाकारता येणार नाही, कारण ते हसू समाधानाचे की निव्वळ शारीरिक प्रतिक्रियेचे, हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती बोलू शकत नव्हती.

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. अधिकार रक्ताच्या नात्यावरून नव्हे, तर सेवेवरून ठरविला गेला, ही बाब अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. शानबाग यांचे निधन १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने झाले.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला व आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. दंडाधिकाऱ्यापुढे ते साक्षांकित करण्याची अट जाचक ठरली. जानेवारी २०२३ मध्ये तिच्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरेसा मानला गेला. शुद्धीत घेतलेला निर्णय शुद्ध हरपल्यावरही टिकावा, ही सोय त्यामुळे झाली. ज्यांनी असा कागद केलेला नाही, त्यांच्याबाबत निर्णयाचा भार आजही आप्तांवर व वैद्यकीय मंडळांवर येतो.