जुने आलेले, नवे आलेले : अमेरिकेतील स्थलांतर आणि आपला दख्खन

अमेरिकेचा इतिहास शिकविताना स्थलांतराचे प्रकरण आले की आपला भर बहुधा आकडे आणि कायदे यांवर असतो. १८९२ ते १९५४ या काळात न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावरून सुमारे १ कोटी २० लाख लोक त्या देशात दाखल झाले, हे विद्यार्थी पाठ करतात. परंतु बाहेरून आलेल्या माणसांमुळे एखाद्या समाजाचे रोजचे जीवन कसे बदलते, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. बेळगाव-निपाणी भागातील विद्यार्थ्याला तो समजावून देण्यासाठी जवळचेच उदाहरण उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील स्थलांतराबरोबर आदिलशाहीतील आफाकी-दख्खनी संघर्षाचा विचार केला आहे.

बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद असदखान लारीने बांधली. इराणमधील लार प्रांताशी नाते सांगणारा हा सरदार आदिलशाहीत मोठ्या पदाला चढला, बेळगावची जहागीर त्याला मिळाली आणि १५४९ मध्ये तो मरण पावला. इराण-तुराणातून असे जे लोक दरबारी आले, त्यांना ‘आफाकी’ म्हणत. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला गट ‘दख्खनी’ या नावाने ओळखला जाई. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने बहुतेक आफाकींना सेवेतून दूर केले आणि राज्याचे हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त, म्हणजे देशी भाषेत, ठेवण्याचे काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले. पुढे पहिल्या अली आदिलशहाच्या काळात आफाकींना पुन्हा आश्रय मिळाला. ही हकीकत लिहून ठेवणारा फरिश्ता हाही कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून आलेला होता. तो १५८९ मध्ये विजापूरला आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दख्खनी म्हणविणाऱ्यांत स्थानिक मुसलमान व हबशी होते. तसेच मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा दिल्लीहून यावे लागलेल्यांचे वंशजही होते. म्हणजे नव्यांना ‘परके’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज स्वतःच बाहेरून आलेले होते.

अमेरिकेत हेच घडलेले दिसून येते. १८५० च्या दशकात आयरिश कॅथलिकांविरुद्ध ‘नो नथिंग’ चळवळ उभी राहिली. तिचे बहुतेक पुरस्कर्ते युरोपातून पूर्वी आलेल्यांचे वंशज होते. तेथील मूळ रहिवासी तर वेगळेच होते आणि आफ्रिकी लोकांना बळजबरीने आणले गेले होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा ठरविला. १९६५ च्या कायद्याने तो कोटा रद्द केला आणि आशियाई लोकांना दार खुले झाले.

कायद्याने माणसे अडविता येतात, परंतु त्यांनी आणलेली रीत अडविणे कठीण असते. अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉटरटाऊन येथे मार्गारेट शुर्झ या जर्मन स्त्रीने आपल्या घरी सुरू केले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, नेब्रास्का राज्याने आठवी इयत्ता पूर्ण होण्यापूर्वी शाळेत परकी भाषा शिकविण्यास बंदी केली. जर्मन शिकविल्याबद्दल मेयर या शिक्षकाला शिक्षा झाली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. या सर्व काळात ‘किंडरगार्टन’ हा जर्मन शब्द मात्र अमेरिकी बालशिक्षणात कायम राहिला.

आपल्याकडेही छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. तरीही हुकूम, अर्ज, तारीख, जमीन आणि दप्तर हे शब्द मराठीत टिकले. देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. दिल्लीकडून आलेल्या बोलीने दख्खनेत आल्यावर मराठीतील ‘नको’ घेतला, त्याचा ‘नक्को’ झाला; ‘अबीच’, ‘वहीच’ यांतील ‘च’ही मराठीचाच. आपल्या भागातील मुसलमान घरांत ही बोली आजही ऐकू येते.

दोन्ही उदाहरणांत फरकही आहे. आफाकी प्रामुख्याने दरबारी नोकरीसाठी आले आणि संख्येने थोडे होते. अमेरिकेत आलेले बहुसंख्य लोक शेतकरी व मजूर होते. म्हणून आफाकींचा ठसा शासन, वास्तू व शब्दसंग्रहावर अधिक दिसतो, तर अमेरिकेत तो शाळा, स्वयंपाक, संगीत, उद्योग असा सर्वत्र दिसतो.

सीमाभागात ‘मूळचे कोण, बाहेरचे कोण’ हा प्रश्न भाषेच्या व धर्माच्या नावाने वारंवार विचारला जातो आणि आपले विद्यार्थी तो ऐकत मोठे होतात. इतिहास या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही. आज मूळचा म्हणविणाराही कधीतरी आलेला असू शकतो, हे मात्र तो दाखवितो. पदवी वर्गातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरच्या बोलीतील मराठी, कन्नड, उर्दू व फारसी शब्दांची यादी करावयास सांगावी आणि त्यानंतर एलिस बेटाचे प्रकरण उघडावे. मग अमेरिकेचा तो धडा त्यांना परका वाटणार नाही.