जलव्यायाम आणि स्मृतिप्रशिक्षण : ज्येष्ठांसाठी संयुक्त उपचाराचा मार्ग

साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात वर्तवण्यात आला. हा विकार पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे रुग्णाची उरलेली क्षमता शक्य तितका काळ टिकवून धरणे, हे उपचारांचे प्रमुख उद्दिष्ट ठरते. शरीराचा व्यायाम आणि स्मरणशक्तीचा सराव एकाच सत्रात करून घेण्याची पद्धत याच उद्दिष्टातून पुढे आली आहे. ज्यांना पडण्याची भीती वाटते, अशा वृद्धांसाठी हा व्यायाम पाण्यात घेता येतो.

मेंदूच्या विकारांवरील संशोधनाचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणून बंगळुरू ओळखले जाते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था अर्थात निम्हान्स येथे १९७४ पासून कार्यरत आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र बंगळुरू शहरातील, तसेच कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरातील ग्रामीण नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. मात्र असा संयुक्त उपचार ज्येष्ठांच्या दारापर्यंत पोहोचवायचा, तर संशोधनाबरोबरच उबदार, उथळ पाणी आणि प्रशिक्षित माणसेही लागतात.

विस्मरण आणि विकार

चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे वयपरत्वे स्वाभाविक मानले जाते. स्मरणशक्ती, भाषा किंवा निर्णयशक्ती वयाच्या मानाने अधिक घटली, तरीही दैनंदिन व्यवहार स्वतःला करता येत असले, तर त्या अवस्थेला सौम्य बोधनऱ्हास म्हणतात. पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा, ओळखीचा रस्ता यांतही दुसऱ्याची मदत लागू लागली की तो स्मृतिभ्रंश ठरतो. सौम्य ऱ्हास झालेल्या प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. काहींची स्थिती अनेक वर्षे स्थिर राहते, तर काहींची सुधारतेही. थायरॉईडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून कोणत्याही उपक्रमापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

पाण्याचे गुणधर्म

कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास शरीराचा भार सुमारे निम्मा होतो आणि छातीइतक्या पाण्यात तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. त्यामुळे गुडघेदुखीने जमिनीवर चालणे टाळणारी व्यक्ती पाण्यात सहज पावले टाकू शकते. पाण्याचा विरोध प्रत्येक हालचालीला होत असल्याने वजने न उचलताही स्नायूंना व्यायाम मिळतो. तोल गेला तरी पाणी शरीराला सावरून धरते आणि सावरण्यास वेळ देते. पडून खुब्याचे हाड मोडण्याच्या धास्तीने ज्यांचे घराबाहेर पडणेच थांबले आहे, त्यांच्यासाठी ही बाब मोलाची ठरते.

पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०१४ साली निरोगी तरुणांवरील एका लहान प्रयोगात आढळले. मात्र त्यावरून स्मरणशक्ती सुधारते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

स्मृतिप्रशिक्षणाच्या पद्धती

अंतर वाढवत आठवण्याची पद्धत यांपैकी सर्वांत सोपी होय. एखादी माहिती सांगून ती अर्ध्या मिनिटाने, मग एका मिनिटाने, मग दोन, चार आणि आठ मिनिटांनी विचारली जाते. उत्तर चुकल्यास योग्य उत्तर लगेच सांगून मागच्या, कमी अंतरावर परत येतात. नातवाचे नाव, खोलीचा क्रमांक, चालताना काठी घेण्याची सवय अशा उपयोगाच्या गोष्टींसाठी ही पद्धत वापरतात.

दुसरी पद्धत समूहातील गप्पांची आहे. जुनी छायाचित्रे, सणवार, बाजारभाव, खाद्यपदार्थ अशा विषयांवर बोलते करून विचारांना चालना दिली जाते. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१८ साली अशा समूह उपक्रमाची शिफारस केली. सौम्य ते मध्यम अल्झायमरवर उपचार म्हणून केवळ बोधनकौशल्यांची तालीम देऊ नये, असेही त्याच सूचनांत नमूद आहे. त्यामुळे संगणकावरील कोडी विकत घेण्यापूर्वी कुटुंबीयांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

दोन्ही एकत्र का?

चालता चालता बोलणे ही मेंदूसाठी दुहेरी कामगिरी असते. बोलू लागताच ज्यांचे पाऊल थांबते, अशा वृद्धांमध्ये पुढील काळात पडण्याचे प्रमाण अधिक असल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. रस्ता ओलांडताना वाहनांकडे लक्ष देणे, बसच्या पायऱ्या चढताना सुटे पैसे मोजणे या कृतीही दुहेरीच असतात. त्यांचा सराव सुरक्षित ठिकाणी व्हावा, हा संयुक्त सत्रांमागील विचार आहे.

फिनलंडमध्ये धोक्याच्या गटातील १,२६० ज्येष्ठांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला. त्यांच्या बोधनक्षमतेवर अनुकूल परिणाम झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. कॅनडात सौम्य ऱ्हास असलेल्या १७५ व्यक्तींवर वीस आठवड्यांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. व्यायामाला बौद्धिक प्रशिक्षणाची जोड दिलेल्यांच्या चाचणीतील गुणांत सुधारणा दिसली.

याउलट, सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ व्यक्तींवरील ब्रिटनमधील चाचणीत व्यायामाने शारीरिक क्षमता वाढली, पण बोधनक्षमतेची घसरण थांबली नाही, असे २०१८ साली स्पष्ट झाले. सारांश, सुरुवात जितकी लवकर, तितकी लाभाची शक्यता अधिक. शिवाय हे सर्व प्रयोग जमिनीवरील व्यायामाचे होते. पाण्यातील व्यायामावरचे अभ्यास प्रामुख्याने लहान गटांपुरते मर्यादित आहेत. म्हणून या उपक्रमाकडे रोग परतवणारा उपचार म्हणून न पाहता तोल, झोप, मनःस्थिती आणि सोबत यांसाठीचे साहाय्य म्हणून पाहणे योग्य ठरेल.

सत्राचे स्वरूप

साधारण पाऊण तासाचे सत्र कठड्याला धरून चालण्याने सुरू करता येते. सर्वांना दिवस, महिना आणि एकमेकांची नावे विचारली जातात. नंतर पाऊल उचलताना भाज्यांची नावे घेणे, चेंडू फेकताना समोरच्याचे नाव उच्चारणे, शंभरातून तीन-तीन वजा करीत बाजूला सरकणे असे प्रकार घेता येतात. प्रारंभी सांगितलेल्या तीन वस्तू अखेरीस पुन्हा विचारल्या जातात.

लहानपणी पाठ केलेले पाढे, पावकी-निमकी किंवा चैत्र-वैशाखादी महिने बऱ्याच वृद्धांना अखेरपर्यंत आठवतात. त्यांच्या लयीवर पावले टाकल्यास आत्मविश्वास वाढतो. तेच महिने उलट्या क्रमाने म्हणताना मात्र खरा सराव घडतो. चुकीबद्दल कोणासही टोकू नये, हा सत्राचा पहिला नियम असावा.

भाषेचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. मुलांच्या नोकरीनिमित्त उतारवयात बंगळुरूला आलेल्या मराठी आजी-आजोबांची कन्नड किंवा इंग्रजीतून घेतलेली चाचणी त्यांची क्षमता प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. प्रशिक्षण शक्यतो मातृभाषेत व्हावे. तसे नसल्यास कुटुंबातील एकाने दुभाषा म्हणून सोबत राहावे.

आवश्यक खबरदारी

हृदयक्षीणता, अनियंत्रित रक्तदाब, अपस्मार, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा शौचावरील नियंत्रण सुटणे, अशा स्थितीत डॉक्टरांच्या परवानगीवाचून पाण्यात उतरू नये. पाण्याचा दाब हृदयावरील भार वाढवतो, ही बाब विशेष लक्षात घ्यावी. पाणी छातीच्या वर नसावे आणि पोहता येणाऱ्यांनाही एकटे सोडू नये. मध्यम अवस्थेतील प्रत्येक रुग्णाबरोबर एक साहाय्यक पाण्यातच असावा. अपघात पुष्कळदा तलावाबाहेरील ओल्या फरशीवर घडतात. कपडे बदलताना रुग्ण गोंधळून चिडण्याचीही शक्यता असते. त्यासाठी ओळखीची व्यक्ती आणि पुरेसा वेळ हवा. आयुष्यात कधीही तलावात न उतरलेल्या स्त्रियांना अंगभर पोशाखाची मुभा असावी. रुग्णाने नकार दिल्यास तो मानावा.

बंगळुरूतील अडचणी

उपचारासाठीच्या तलावाचे तापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश सेल्सियस राखले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत हिवाळ्यातील सकाळी गारठा असतो. पाणी तापवण्याची सोय नसलेल्या तलावात अशा वेळी वृद्धांचे स्नायू आखडतात. त्यात पाणीटंचाईची भर पडते. मार्च २०२४ मध्ये टंचाई तीव्र झाल्यावर पाणीपुरवठा मंडळाने जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता दररोज ७७.५ कोटी लिटर आहे. तरीही सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेल्या पाण्यावर अवलंबून असलेल्या शहरात, प्रत्येक वस्तीत उपचार-तलाव उभारणे सोपे नाही.

तलाव नसल्यास

पाण्याची सोय नसली तरी या उपक्रमाचे मूळ तत्त्व घरीही पाळता येते. भक्कम खुर्ची किंवा भिंतीचा आधार घेऊन जागच्या जागी पावले टाकावीत आणि त्याच वेळी नावे, आकडे किंवा आठवणी सांगाव्यात. कोणीतरी जवळ उभे असावे. आठवड्यातून तीन दिवस, दमछाक होणार नाही अशा बेताने हा क्रम ठेवता येईल. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष आणि दृष्टिदोष यांवरील उपचार याच्या जोडीने चालू ठेवावेत. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात हे घटक स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांमध्ये गणले आहेत.

कर्नाटक सरकारने निम्हान्सच्या सहकार्याने २०२२ साली मेंदू आरोग्य उपक्रम सुरू केला. प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना स्मृतिभ्रंशासारखे विकार ओळखण्याचे प्रशिक्षण देणे हा त्याचा एक भाग आहे. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७, तर मानसिक आरोग्यविषयक साहाय्यासाठी टेलि-मानस १४४१६ या क्रमांकांवर संपर्क साधता येतो. काळजी घेणारे कुटुंबीयही शिणतात. त्यांनीही या सेवांचा लाभ घ्यावा.