आमरींचा मुलूख

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर गेल्यावर चिरगाव लागते. हिंदी वाचकांना ते मैथिलीशरण गुप्तांचे जन्मगाव म्हणून वंद्य आहे. बुंदेलखंडाच्या सरकारी दप्तरात मात्र त्याची नोंद निराळ्या कारणाने झालेली आहे. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाच्या वंशातील एका बुंदेल्या ठाकुराकडे हे गाव आणि भोवतालची पंचवीस खेडी होती, त्याबद्दलची इंग्रज सरकारची सनदही त्या घराण्यापाशी होती. परंतु 1841 साली राव बख्तसिंगाने सरकारी हुकमाला जुमानले नाही, तेव्हा फौज येऊन गढी जमीनदोस्त झाली, मुलूख जप्त झाला, आणि राव पुढे पनवारी येथे मारला गेला. नेमक्या याच वर्षी निकल अलेक्झांडर डालझेल नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ मुंबईच्या कस्टम खात्यात रुजू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण कंपनी सरकारचा एक हात तिकडे बेतवा नदीकाठी गढ्या पाडीत असताना दुसरा हात सह्याद्रीतील झाडापेडांची खानेसुमारी करू लागला होता, आणि आमरींच्या, म्हणजे ज्यांना आज सर्रास ऑर्किड म्हणतात त्या वनस्पतींच्या, आपल्याकडील लिखित इतिहासाचा आरंभ त्या दुसऱ्या हाताने केलेला आहे.

पहाडी आमरी शोधायला चिरगावास कोणी जाणार नाही. तेथे पहाड नाही, आणि पाऊसही बेताचाच. झाशीचे वार्षिक पर्जन्यमान नऊशे मिलिमीटरांच्या आतबाहेर, तर महाबळेश्वरचे साडेपाच हजारांच्याही वर. रत्नागिरीकडील कोट गावचे नेवाळकर अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार होऊन झाशीस आले आणि त्यांच्या मागोमाग कितीतरी ब्राह्मण, कारकून आणि शिलेदार कुटुंबे तेथे वसली, तेव्हा जांभ्याच्या सड्यावरून ती ग्रॅनाइटच्या खडकावर आली आणि चार महिने शेवाळाने हिरव्या राहणाऱ्या झाडांच्या जागी त्यांना मोह, पळस आणि बाभूळ भेटली. तरीही आमरीने त्यांची संगत अगदीच सोडली नव्हती. आंब्याच्या आणि मोहाच्या जुनाट खोडांवर वांदा टेसेलाटा ही जाती बुंदेलखंडातही उगवते. तिचीच मुळे बंगालचे वैद्य रास्ना म्हणून वापरतात. तिच्या लोंबत्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते, ते पहिल्या सरीबरोबर पाणी शोषून घेते. तिची जाड पाने दिवसा आपली छिद्रे मिटून रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे वैशाखातही ती तग धरते. कोरड्या हवेशी तिने फार प्राचीन काळी सलोखा केलेला आहे, तो सह्याद्रीच्या माथ्यावरील तिच्या नातलगांना करता आलेला नाही.

या नातलगांची पहिली मोठी नोंद झाली ती पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेच्या आश्रयाने. ही बाग गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, 1828 साली सुरू झाली. दहा वर्षांनी तिचा अधीक्षक झालेला डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन पेशाने शल्यवैद्य, पण स्वभावाने गावोगाव हिंडून मामलतदारांपासून कुणब्यांपर्यंत सर्वांना प्रश्न विचारणारा माणूस होता. 1847 ते 1850 या काळात त्याने बागेतील वनस्पतींची चित्रे एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत, पण चित्रकाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. 1847 सालीच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातील डोंगर उघडे पडत चालले आहेत, त्यामुळे झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात आणि पावसाच्या मानावरही परिणाम होतो, असे तो सरकारला लिहीत असे. डालझेलही पुढे वनखात्यात आला, आणि जंगलाचा हवापाण्याशी काय संबंध असतो यावर त्याने 1863 साली एक पुस्तिकाच लिहिली. आज हवामान-बदलाची चर्चा जणू कालपरवा निघाली अशा थाटात चालते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अर्थात गिब्सनच्या निवाड्यात सरकारी चष्मा होताच. डोंगर उघडे पडण्याचा बराचसा दोष त्याने कुमरी करणाऱ्या, म्हणजे जंगल जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरणाऱ्या डोंगरी लोकांच्या माथी मारला. मुंबईच्या गोदीला लागणारे सागवान, आणि पुढे रेल्वेचे रूळ ज्यांवर बसले ते लाकडी ओंडके, हे कोणत्या डोंगरांवरून आले याची चौकशी त्या मानाने सौम्य राहिली. एरवी मात्र त्याची आणि डालझेलची कामगिरी थोर आहे. दोघांनी मिळून सिद्ध केलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ 1861 साली निघाला. एका चिमुकल्या, पावसाळ्यात झाडाच्या सालीला बिलगून फुलणाऱ्या आमरीला डालझेलचेच नाव मिळाले. त्यांच्या मागून थिओडोर कुक, ब्लॅटर आणि मॅक्कॅन हे वनस्पतिशास्त्रज्ञ आले. आणि 1966 साली फादर सांतापाव व झरीर कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातील आमरींवरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच दोघांनी पाचगणीच्या एका भूआमरीला त्या गावाचे नाव देऊन शास्त्रात दाखल केले.

हे पाचगणीचे फूल मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. हिमालयातील एखाद्या आमरीला खालची हवा उष्ण वाटू लागली तर तिच्या वंशाला निदान वर सरकण्याची मोकळीक असते. दर शंभर मीटर चढाला तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते, आणि हिमालयात चढ संपत नाही. सह्याद्रीत तो फार लवकर संपतो. कळसूबाई 1,646 मीटर, महाबळेश्वर 1,400 च्या आसपास, पाचगणीचे टेबललँड त्याहूनही थोडे खाली, कास पठार 1,200 च्या घरात. आणि टेबललँड म्हणजे जांभ्याचे टोपण घातलेला सपाट माथा, ज्याच्या चारी बाजूंना कडे आहेत. त्या माथ्यावर जी वनस्पती वसली, तिला वर जायला जागा नाही.

केवळ उष्म्याचे संकट असते तर ते कदाचित सोसले गेले असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादिलेल्या 2020 सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे 1951 ते 2015 या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट विशेषतः गंगेच्या मैदानात आणि सह्याद्रीत जाणवली. शिवाय पावसाळ्यातील कोरडे खंड वाढले आणि मुसळधार सरींचे प्रमाणही वाढले. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. शेतकऱ्याला पावसाचा खंड म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, पण आमरीला तो आणखीच जाचक होतो. तिचे बीज धुळीच्या कणाएवढे असते, त्यात अंकुराला पोसणारा साठा जवळजवळ नसतो. नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 साली दाखवून दिले त्याप्रमाणे जमिनीतील विशिष्ट बुरशी त्या बीजात शिरून त्याला अन्न पुरवील तेव्हाच ते रुजते. या बुरशीला ओल लागते, आणि ती सलग लागते. सड्यावरील माती काही इंचांचीच. पंधरा दिवसांचा खंड तिला वाळवतो, आणि त्यानंतरची मुसळधार सर ती मातीच वाहून नेते. पुढे फूल आलेच तरी कित्येक पांढऱ्या भूआमरींची मधुनळी इतकी लांब असते की लांब सोंडेच्या पतंगालाच ती साधते, आणि तो पतंग त्याच सुमाराला कोशातून बाहेर पडलेला असावा लागतो.

बंदोबस्ताच्या बाबतीत सरकार अगदीच निष्क्रिय नाही. आमरींच्या अखिल कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराने नियंत्रित केलेला आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटातील ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कासचाही समावेश आहे. चोराच्या आणि उतावळ्या प्रवाशाच्या हातापासून फूल वाचवायला हे उपयोगी; पण हद्द आखून दिली म्हणून पावसाचा खंड तिच्या बाहेर थांबत नाही.

अधिक कामाची वस्तू, माझ्या मते, पुण्यातच आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय 1955 पासून तेथे आहे, आणि त्याच्या वनस्पतिसंग्रहात सह्याद्रीतील वाळवलेल्या वनस्पतींचे कागद जपलेले आहेत. अशा प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात गाव, उंची, संग्राहकाचे नाव आणि तारीख नोंदवण्याची शिस्त असते. ज्याने ते फूल दाबून ठेवले त्याला केवळ जाती ओळखायची होती; परंतु ते फूल त्या तारखेला उमललेले होते, ही साक्षही त्याने नकळत नोंदवून ठेवली. त्याच माथ्यावर, त्याच पंधरवड्यात, वर्षानुवर्षे कोणी जाऊन पाहत राहील तर आमरीचे पंचांग किती हलले ते त्या कागदांशी ताडून सांगता येईल. या कामाला खर्च फारसा नाही. मात्र भर श्रावणात, धुक्यात आणि जळवांत, ओल्या कातळावर गुडघे टेकून बसण्याची तयारी असलेली माणसे हवीत, आणि अशा माणसांना पगार देणारे खाते हवे.